जुन्या गाडीचा सीटबेल्ट सावकाश आत जातो, साफ केला तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच

बकल सोडलं की पट्टा सर्रकन आत जायला हवा. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा अर्ध्यावर येऊन थांबायचा, दाराच्या फटीत लोंबत राहायचा, आणि सवयीने दार ओढलं की खालून 'खट्ट' असा आवाज यायचा. बकलमध्ये अडकते ती पत्र्याची जीभ दार आणि चौकट यांच्यामध्ये सापडलेली असायची. चौकटीवर त्या जागी रंगाचे टवके उडाले आहेत. पट्टा आता ठणठणीत आहे, टवके मात्र अजून तसेच.

मी केलेले उद्योग आधी सांगतो, कारण बहुतेक जण तेच करतात. पहिल्यांदा पट्ट्यावर सिलिकॉन स्प्रे मारला. आठवडाभर पट्टा नव्यासारखा पळाला, मग पूर्वीपेक्षाही मंद झाला. पुन्हा स्प्रे, पुन्हा आठवडा. नंतर साबणाच्या ओल्या फडक्याने पट्टा पुसून काढला, फरक जेमतेम. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर न उघडताच निदान मिळालं: "स्प्रिंग गेली, अख्खी असेंब्ली बदला." स्प्रिंग गेलेली नव्हती. ती तपासायला एक मिनिट लागतं आणि एकही पाना लागत नाही.

पहिली परीक्षा: दोष वर आहे की खाली?

दाराशेजारच्या खांबाकडे, म्हणजे बी-पिलरकडे बघा. पट्टा खांबाच्या खालच्या भागातल्या फटीतून बाहेर येतो, सरळ वर जातो, खांद्याच्या उंचीवरच्या कडीतून वळतो आणि तुमच्या छातीकडे उतरतो. या कडीला डी-रिंग म्हणतात. गुंडाळीचं यंत्र, म्हणजे रिट्रॅक्टर, खांबाच्या आत तळाशी बसलेला असतो.

आता फट आणि कडी यांच्या मधला पट्टा हातात धरा. तो फटीतून फूटभर बाहेर ओढा आणि सोडून द्या. इथे कडीचा काही संबंध येत नाही, रिट्रॅक्टर थेट पट्टा ओढतो. पट्टा झपकन आत गेला तर स्प्रिंग शाबूत आहे आणि दोष वर कडीपाशी आहे. इथेही रेंगाळला तर खाली बघावं लागेल. काही गाड्यांत हा मधला भाग प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेला असतो, तिथे आवरण काढूनच ही परीक्षा होते.

माझ्या गाडीत पट्टा असा आत गेला की बोट चिमटता चिमटता राहिलं. तेवढ्यावर गॅरेजवाल्याचं निदान निकालात निघालं.

कडीपाशी नेमकं काय होतं

विहिरीतून पाणी काढताना दोर रहाटावरून ओढणं आणि कठड्याच्या दगडावरून ओढणं यात जेवढा फरक, तेवढाच स्वच्छ कडी आणि मळकी कडी यांत असतो. पट्टा कडीभोवती जवळजवळ अर्धा वेढा घेतो. अशा वेढ्यात घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. उदाहरणादाखल वेढा १५० अंशांचा धरू. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, ०.२ असेल तर स्प्रिंगच्या ओढीपैकी साधारण ६० टक्के ओढ कडीच्या पलीकडे पोहोचते. मळामुळे तोच घर्षणांक ०.५ झाला तर २७ टक्केच उरते. स्प्रिंग तीच, तिचा जोर तोच, पण निम्म्याहून जास्त ओढ वाटेतच गडप.

आणि हा जोर मुळातच थोडा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सीटबेल्टविषयीच्या नियम क्रमांक १६ मध्ये खांद्याच्या पट्ट्याला आत ओढणारं बल १ ते ७ न्यूटनच्या दरम्यान असावं असं म्हटलं आहे. १ न्यूटन म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपासचं वजन. यापेक्षा जोरकस स्प्रिंग बसवली तर प्रवासभर पट्टा मानेत रुतेल आणि लोक तो लावणंच सोडतील. १९५९ मध्ये व्हॉल्व्होच्या निल्स बोहलिन यांनी तीन बिंदूंचा पट्टा गाडीत आणला तेव्हा त्याला गुंडाळी नव्हती, प्रत्येकाने आपल्या मापाला तो हाताने आवळायचा. गुंडाळी नंतर आली आणि सोय झाली, पण तेव्हापासून पट्ट्याचा परतीचा प्रवास त्या किरकोळ ओढीवर अवलंबून आहे. म्हणून मळाचा एक पातळ थरसुद्धा त्याला जड जातो.

पट्टा सुरुवातीला बरा पळतो आणि शेवटच्या फुटाला मरगळतो, हेही याच हिशोबातलं. पट्टा आत जाईल तशी स्प्रिंग सैलावते. चक्रीवर पट्ट्याचे थर चढून तिचा व्यास वाढतो, त्यामुळे त्याच पिळाची ओढ आणखी कमी भरते. त्यात शेवटी पट्ट्याच्या दोन्ही बाजू कडीतून जवळपास समांतर लोंबतात, म्हणजे वेढा सर्वांत मोठा, आणि धातूची जीभही वर उचलायची असते. सगळ्या अडचणी एकाच वेळी. त्यामुळे 'शेवटी अडकतो' या एका लक्षणावरून स्प्रिंगला बाद ठरवू नका. थंडीच्या सकाळी जास्त रेंगाळतो आणि गाडी तापल्यावर सुधारतो, असं असेल तर मळाचा संशय आणखी पक्का धरा.

कडीच्या आत बोट फिरवून बघा. घाम, त्वचेचा तेलकटपणा, धूळ आणि पट्ट्याचे बारीक तंतू मिळून तिथे काळपट, मेणासारखा चिकटा तयार होतो. वरून दिसत नाही, कारण पट्टाच त्याला झाकतो. मी सिलिकॉन मारत होतो ते याच चिकट्यावर. स्प्रेने थोडे दिवस तो निसरडा व्हायचा, मग ओलसर थरावर नवी धूळ बसून लगदा जाड व्हायचा. दर वेळी आजार थोडा वाढवूनच मी परतत होतो.

कडीची सफाई

पट्टा पूर्ण बाहेर ओढा आणि सीटकडच्या बाजूला, कडीच्या अगदी खाली, त्याला एक भक्कम चिमटा लावा. जाड कागदांच्या गठ्ठ्याला लावतात तो काळा चिमटा उत्तम. चिमटा कडीला अडतो आणि पट्टा आत जात नाही. चिमटा लावल्याशिवाय पुढचं काही करू नका, नाहीतर ओला पट्टा हातातून निसटून थेट रिट्रॅक्टरमध्ये जातो. (मला हे चिमट्याआधी कळलं, अनुभवाने.)

पट्टा पूर्ण ओढल्यावर काही गाड्यांत, बहुधा ड्रायव्हर सोडून इतर जागांवर, वेगळाच प्रकार होतो: पट्टा परत सोडताना कटकट आवाज येतो आणि तो फक्त आत जातो, बाहेर येत नाही. हा बिघाड नाही. लहान मुलांची सीट घट्ट बांधता यावी म्हणून दिलेली ती सोय आहे. पट्टा पूर्ण आत जाऊ दिला की ती आपोआप सुटते.

आता सुती फडक्याची लांब, अरुंद पट्टी घ्या, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, आणि पट्टा एका कडेला सारून कडीच्या फटीतून ती पट्टी ओवा. दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा, बूट पॉलिश केल्यासारखं. पहिली पट्टी काळी निघेल. दुसरीही. तिसरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली करून फिरवा, म्हणजे उरलेला तेलकटपणा जातो. फडकं जवळपास स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही. फटीच्या दोन्ही टोकांना, जिथे पट्ट्याची कड घासते, तिथे मळ सर्वांत दाट असतो. तिथे लाकडी चपटी काडी चालवा. सुरी, स्क्रूड्रायव्हर, ब्लेड नको. एक ओरखडा पडला तर तो पुढे रोज पट्ट्याची कड खरवडत राहील.

कडी कोरडी झाली की बोटाने पुन्हा तपासा. गुळगुळीत लागली तर उत्तम. आवरण उडून धातू उघडा पडला असेल किंवा पट्ट्याने खाच पाडली असेल तर सफाईचा उपयोग अर्धाच होईल. बहुतेक गाड्यांत कडी पट्ट्यात ओवल्यानंतर पट्ट्याची टोकं शिवलेली असतात, त्यामुळे ती सुटी बदलता येत नाही, सगळा संच बदलावा लागतो.

कडीला आतून गुळगुळीत चिकटपट्टी लावण्याची युक्तीही पुष्कळ जण सांगतात. चालते, काही दिवस. पण चिकटपट्टीची एक कड उचलली गेली की तिची गुंडाळी होऊन पट्टा तिथेच अडकतो, आणि तेही तुम्ही घाईत असाल तेव्हा. मी लावत नाही.

मग पुन्हा का होतं

कडी साफ केल्यावर माझा पट्टा छान चालला आणि दोन महिन्यांनी परत मंदावला. कारण साधं होतं: मी कडी धुतली, पट्टा नाही. पट्ट्याच्या विणीत वर्षांचा मळ मुरलेला होता आणि प्रत्येक फेरीत तो थोडा थोडा कडीवर उतरत होता. मी पूर्वी पट्टा पुसला होता तो फक्त डोळ्यांना दिसणारा भाग, छातीवर येतो तेवढा. चक्रीवर राहणारा भाग तसाच होता. हे दोन्ही एकाच दिवशी झालं पाहिजे.

पट्टा पूर्ण बाहेर, चिमटा लावलेला. सीटवर जुना टॉवेल आणि त्यावर पसरट घमेलं ठेवा. त्यात कोमट पाणी आणि सौम्य साबण घालून पट्ट्याची वळकटी त्यात बुडवा. अर्धा तास राहू द्या. पाण्याचा रंग बघून तुम्हाला स्वतःचीच लाज वाटेल. मऊ ब्रशने लांबीच्या दिशेने घासा, दोन्ही बाजूंनी, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या. साबण विणीत राहिला तर वाळल्यावर पट्टा ताठ होतो आणि साबणच नवीन धूळ पकडतो. माझ्या दुसऱ्या फसलेल्या प्रयत्नात बहुधा हेच झालं होतं. चिमट्याच्या वर, रिट्रॅक्टरकडे, पाणी ओघळू देऊ नका.

पट्टा पॉलिएस्टरचा असतो आणि त्याची ताकद त्या तंतूंत असते. म्हणून ब्लीच, रंग, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही त्याला लावायचं नाही, डाग कितीही हट्टी असला तरी. डाग राहू द्या. वाळवताना घाई नको. चिमटा तसाच ठेवून, काचा थोड्या खाली करून रात्रभर राहू द्या, आणि वीण चिमटीत दाबली तर जराही दमट लागत नाही याची खात्री करूनच आत सोडा. ओला पट्टा गुंडाळला की आत कुबट वास आणि बुरशी.

धुताना पट्टा हातात आहेच तर त्याची तपासणीही उरकून घ्या. कड विस्कटली आहे का, कुठे धागे तुटलेत का, वितळल्यासारखा चकाकणारा भाग दिसतो का, कुठे कापला आहे का. दारात वारंवार सापडलेल्या पट्ट्यावर चेपल्याच्या खुणा असतातच. यातलं काही ठळक दिसलं तर सफाई थांबवा, पट्टा बदला. विस्कटलेली कड काडीने जाळून साफ करण्याचा सल्ला ऐकू नका.

एक बिनखर्चाचं कारणही तपासून घ्या: पट्टा कडीमध्ये उलटा झाला आहे का? एक पीळ पडला की दोन पदर फटीत अडकतात. पीळ कडीपाशी आणा, तिथे पट्टा तिरका दुमडून तो दुमडलेला कोपरा फटीतून ढकला आणि पलीकडून ओढून घ्या. खाली पट्टा जिथे शिवला आहे तिथपासून वरपर्यंत तो सपाट आहे ना, हे एकदा बोट फिरवून बघा.

खालची परीक्षा नापास झाली तर

फटीपाशीच पट्टा रेंगाळत असेल तर आधी ती फटच बघा. कधी वायरिंगसाठी, कधी आवाज कमी करायच्या कामासाठी कोणीतरी खांबाचं आवरण काढलेलं असतं आणि परत बसवताना एक क्लिप चुकलेली असते. आवरण बोटभर सरकलं तरी पट्टा कडेला घासतो. माझ्या ओळखीतल्या एका गाडीत दोष एवढाच होता, आवरण तळहाताने ठोकल्यावर पट्टा पळाला. पट्टा बाहेर पडतो त्या जागेतून नाणी, टोप्या, खेळण्यांचे तुकडेही आत पडतात.

आवरण काढण्याआधी एक गोष्ट, आणि ही गंभीर आहे. एअरबॅग असलेल्या बऱ्याच गाड्यांत रिट्रॅक्टरमध्ये किंवा बकलमध्ये प्रीटेन्शनर असतो. टक्कर होताच पट्टा क्षणात आवळणारी ती छोटी स्फोटक योजना आहे. तिची वायर बहुधा पिवळ्या जोडणीतून येते. पिवळी जोडणी दिसली की बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गाडीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबा, आणि तिथे मल्टिमीटर लावून 'बघूया तरी' असं करू नका, मीटरचा तेवढा प्रवाहही तिला पेटवू शकतो. अशा रिट्रॅक्टरचं काम जाणकाराकडे सोपवलं तर त्यात कमीपणा नाही.

फक्त स्प्रिंगवर चालणारा साधा जुना रिट्रॅक्टर असेल तर आवरण काढून व्हॅक्यूमने आतली धूळ, केस, तंतू ओढून घ्या. हवा मारू नका, ती धूळ बाहेर काढण्याऐवजी कुलपाच्या, म्हणजे झटका बसताच पट्टा अडवणाऱ्या, यंत्रणेत ढकलते. बोल्ट सोडून रिट्रॅक्टर हातात घेतलात तर बहुधा घाबराल, कारण पट्टा हलतच नाही. आत एक गोळी किंवा लंबक असतो, रिट्रॅक्टर कलला की तो पट्टा अडवतो. वर सांगितलेल्या नियमातच आहे की १२ अंशांपर्यंतच्या कलाला तो अडू नये आणि २७ अंशांपलीकडे अडलाच पाहिजे. गाडीत बसलेला असतो त्याच कोनात धरा, सुटेल. बसवताना ब्रॅकेट वाकडा राहिला तर पट्टा ओढताना सारखा अडकतो, त्याचं कारणही हेच.

तेल, ग्रीस, गंजावरचा स्प्रे यांतलं काहीही आत जाऊ देऊ नका. तेलात धूळ मिसळून ती गोळी चिकटली तर पट्टा गुळगुळीत चालेल आणि नेमका धडकेच्या वेळी कदाचित अडणार नाही. सावकाश आत जाणारा पट्टा परवडला. अर्थात तोही फार काळ नाही: कुलपाची यंत्रणा स्प्रिंगहून वेगळी असते, त्यामुळे मंद पट्टाही झटक्याला अडेल, पण अंगावर तो सैल राहिला तर अडण्याआधी शरीर तेवढं अंतर पुढे गेलेलं असतं.

मग उरते स्प्रिंग. ती एका बाजूच्या प्लॅस्टिकच्या डबीत, घड्याळाच्या चावीच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. डबी उघडून तिला दोन वेढे जास्त देणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. ती आधीच ताणलेली असते, झाकण सुटताच पात्यासारखी उसळते आणि बोटं कापते. जमलं तरी जादा वेढ्यांमुळे पट्टा पूर्ण बाहेर यायच्या आधीच स्प्रिंग आतून गच्च भरते, आणि खांद्यावर ओढ इतकी वाढते की प्रवासी पट्टा सैल ठेवायला क्लिप लावतो. म्हणजे कष्ट करून सैल पट्टा मिळवला.

कडी, पट्टा, फट हे सगळं स्वच्छ असूनही खालची परीक्षा नापास होत असेल, तर संच बदला. गाडीच्या चासी क्रमांकावरून नेमका भाग मागवा. डावा-उजवा, पुढचा-मागचा अदलाबदल चालत नाही, कारण ती गोळी विशिष्ट कोनासाठी बसवलेली असते. भंगारातला जुना पट्टा घेऊ नका, त्याने एखादी धडक झेलली आहे का हे बाहेरून कळत नाही. तुमच्याच गाडीची मोठी धडक झाली असेल आणि तेव्हापासून पट्टा मंद असेल, तर सफाईच्या भानगडीत न पडता थेट बदला. बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा, मग पाना, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या आकड्याला. आटे वाकडे गेले तर आतली नट खांबाला जोडलेली असते, ती दुरुस्त करणं हे वेगळंच प्रकरण.

सगळं परत लावल्यावर पट्टा हळू ओढून बघा, सहज यायला हवा. मग झटक्याने ओढा, अडायलाच हवा. दहा-बारा वेळा करा. एअरबॅगचा दिवा गाडी सुरू केल्यावर नेहमीसारखा विझतो का, तेही बघा.

दोन्ही एकत्र धुतल्यापासून माझ्या पट्ट्याने तक्रार केलेली नाही. दर तीन-चार महिन्यांनी गाडी पुसताना कडीतून एक ओली पट्टी फिरवतो, दोन मिनिटांचं काम. आता मागच्या डाव्या पट्ट्याची पाळी आहे. तिथे कोणीतरी गोड पेय सांडलं आहे आणि कोणीही कबूल करत नाही.